बक्षिसाचं वासरू

“हे वासरू मी असं भरून देतो,” बाप म्हणाला, “की मेलेलं वासरू स्वतः उठून आलं ना, तर शेजारी उभं राहून विचारेल, यातलं मी कोणतं?”

असं म्हणून त्यानं पेंढ्याची आणखी एक मूठ कातड्यात कोंबली आणि वर गुडघा देऊन दाबली. कातड्याच्या मानेतून फुस्स करून वारा निघाला. आईनं डोक्याचं फडकं सोडून नाकाला लावलं.

“ओलं आहे ते अजून. चार उन्हं खाऊ दे म्हटलं तर ऐकायचं नाही.”

“चार उन्हं खाईपर्यंत गाय आटेल. मग काय तू दूध देणार?”

“पेंढा तरी जरा बेतानं घाला. गव्हाणीत टाकायला तेवढाच राहिलाय. जित्या जनावराला उपास आणि मेलेल्याला पोटभर.”

“कामात हात आखडला की काम बसतं,” बापानं बजावलं. “वासरू भरण्यात माझा हात धरणारा अख्ख्या पंचक्रोशीत दाखव, मिशी काढून ठेवतो.”

मिशी आधीच अशी होती की काढली काय आणि ठेवली काय. आईला फक्त धार काढायची होती. गोठ्यात दुभती एकच, ही तांबडी. तिचं वासरू आठवड्याचंही झालं नाही तोवर हगवणीनं गेलं. आणि तांबडीची खोड अशी की वासरू तोंडाशी नसेल तर पान्हा सोडायचीच नाही. कास भरून दगड झाली तरी चालेल, सडातून थेंब देणार नाही. म्हणून हा उद्योग. कातडं सोलायचं, मीठ आणि राख लावून वाळवायचं, आत पेंढा भरायचा आणि ते ध्यान गाईच्या तोंडाशी उभं करायचं. गाय चाटते, फसते, दूध देते. माणसापेक्षा फार काही वेगळं नाही.

उन्हाळा नुसता पेटला होता. कालव्यात पाण्याऐवजी कुत्री झोपत होती. बांधावरचं गवत इतकं वाळलं होतं की कापताना हाताला चरे पडायचे. आणि रोज संध्याकाळी गुरांचा दलाल कुंपणाशी येऊन उभा राहायचा. तोंडात काडी, नजर कासेवर.

“काय वहिनी, आटली का?”

“तुमच्या तोंडात माती.”

“माती काय, काडी आहे. आटली की सांगा म्हणजे झालं. आटलेल्या गाईला या उन्हाळ्यात माझ्याशिवाय गिऱ्हाईक नाही.”

तो गाय कुठे नेतो ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिथून कुठली गाय परत आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

तर बापानं वासरू उभं केलं. पुढचा डावा पाय गुडघ्यात आत वळला, मान एका बाजूला कलली, पोट मात्र गच्च फुगलेलं. जेवणावळीतून उठून झिंगत घरी निघालेल्या माणसासारखं ते दिसत होतं.

“कसं ऐटीत उभंय!” बाप म्हणाला आणि ते काखेत मारून तांबडीपुढे नेलं.

तांबडीनं हुंगलं. एकदा बापाकडे बघितलं. मग मागे सरकली, वळली आणि अशी लाथ घातली की वासराचं पोट फाटून पेंढा बाहेर आला आणि डावा पाय उडून शेणाच्या पाटीत पडला.

“विचारलं का त्यानं?” आई म्हणाली. “यातलं मी कोणतं?”

शेवटी लेकीला हाक मारावी लागली. लेक पंधराची, शाळेत चित्रकलेत पहिली. त्यामुळे घरातलं सगळं बारीक काम तिच्या गळ्यात. ती दाभण आणि सुतळी घेऊन बसली. वासरू मांडीवर आडवं घेतलं, श्वास रोखून पोट शिवलं. शिवताना बोटं आत जायची, आणि आत अजून ओलसर, कोमट, बुळबुळीत काहीतरी होतं. दोनदा उठून कुंपणाशी जाऊन ओकून आली आणि परत बसली. पायाच्या जागी तिनं कुदळीचा मोडका दांडा बसवला. जाता जाता डोळ्यांच्या खाचांवर बापाच्या जुन्या सदऱ्याची दोन बटणं शिवली, एक पांढरं, एक निळं.

“हे कशाला?” आईनं विचारलं. “गाईला काय फोटो काढायचाय त्याचा?”

“डोळे नसले की ते आपल्याकडे बघतंय असं वाटतं,” लेक म्हणाली.

मग आईनं वासरावर मिठाचं पाणी शिंपडलं. गोठ्यातलं, तांबडीच्या अंगाखालचं मुतानं भिजलेलं पातेरं घेऊन ते त्याच्या पाठीवर चोळलं. पुन्हा पुढे उभं केलं. तांबडीनं हुंगलं, जीभ काढली, बटणापासून शेपटीपर्यंत एकदा खरवडून चाटलं आणि घशातल्या घशात हंबरली. आईनं सडाला हात घातला. बादलीत धार वाजली. त्या आवाजानं आईच्या खांद्यातला पिळा सुटला.

बाप कुंपणाशी जाऊन दलालाला सांगत होता, “भरणं माझं. बघून ठेव.”

हे असं चार दिवस बरं चाललं.

पाचव्या दिवशी आई कालव्याच्या काठाला गवत कापायला गेली. उन्हं डोक्यावर आली तेव्हा भारा घेऊन परतली, तर गोठ्यातून तांबडीचं हंबरणं लांबूनच ऐकू आलं. भारा टाकून ती आत गेली. वासराची जागा रिकामी. खाली दांड्याचं भोक तेवढं जमिनीत राहिलेलं. लेक कोपऱ्यात पाण्याचं भांडं उगाच घासत होती. बाप नवा सदरा घालून बसला होता.

“वासरू कुठंय?”

“बस तर खरी,” बाप म्हणाला.

“वासरू कुठंय?”

“अगं, त्याचं नशीब उघडलं.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. विभागीय कलागौरव की काय नावाची मोठी स्पर्धा होती, शाळेतल्या मोठ्या पोरापोरींची. लेक त्यासाठी महिनाभर चित्र काढत होती. निळं तळं, पांढरे हंस, मागे बर्फाचे डोंगर. यातलं एकही तिनं जन्मात पाहिलं नव्हतं, पण ड्रॉइंगच्या सरांनी सांगितलं होतं की परीक्षकांना हंस आवडतात. आज सर चित्रं गोळा करायला टेम्पो घेऊन येणार होते. म्हणून लेकीनं पिठाच्या खळीनं चित्र जाड पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि वाळायला कुंपणाला टेकवलं.

“मग?”

“तांबडीनं खाल्लं,” लेक म्हणाली.

“काय?”

“चित्र. पिठाचा वास आला असेल. आधी तळं खाल्लं, मग हंस. मी धावले तर डोंगराचा एक कोपरा उरला होता. सर आले तेव्हा तोच तिच्या तोंडात होता.”

“भुकेली आहे ती,” आई म्हणाली. “आणि मग वासराचं काय?”

“सर माझ्यावर ओरडले. शाळेची अब्रू गेली म्हणाले. मग त्यांनी वासराकडे बघितलं. बघतच राहिले. चष्मा पुसून परत बघितलं. म्हणाले, हे कुणी केलं?”

“मग?”

लेकीनं भांडं उलटं ठेवलं. “मी.”

“मी म्हणाली!” बाप उसळला. “भरणं माझं, आणि मी म्हणाली! पण मी सोडून दिलं. पोरीचं भलं होतंय. पहिलं आलं तर शहरात चित्रशाळेत फुकट शिकायला मिळतं. सर म्हणाले हे नवीन धर्तीचं आहे. आपलं पोरगं उचलावं तसं उचललं त्यांनी. सदरा खराब झाला तरी हसत होते. दोन दिवसांचा प्रश्न आहे गं.”

“आणि धार?”

तांबडी हंबरली.

संध्याकाळी आईनं कासेला हात लावला तर कास ताठ, गरम. सड ओढून ओढून मनगटं दुखली, थेंब नाही. तांबडी मान वळवून रिकाम्या जागेकडे बघायची आणि पाय आपटायची. आईनं पोतं पुढे धरलं, जुनी घोंगडी धरली. गाईनं दोन्हीवर शेंबूड उडवला.

“वास हवा ना तिला वासराचा?” बाप पुढे आला. “मग मी काय मेलोय?”

वासराच्या कातड्याचा एक तुकडा उरला होता, शेपटीखालचा, कुणाला नको असलेला. तो त्यानं आपल्या टकलावर घासला. वर मीठ चोळलं. पाठीवर पोतं घेतलं आणि रांगत रांगत गव्हाणीपुढे जाऊन डोकं खाली घातलं. तांबडीनं हुंगलं. बराच वेळ विचार केला. मग कानशीसारखी जीभ काढली आणि कपाळापासून मानगुटीपर्यंत टक्कल एका दमात खरवडलं.

“आई गं!”

“हलू नका!” आई ओरडली. “सोडतेय. पान्हा सोडतेय.”

“जळतंय गं, मीठ जळतंय!”

“जळू दे. दोन सड राहिलेत.”

कुंपणाशी दलाल आला होता. तोंडातली काडी पडेपर्यंत हसला. “दादा, तुमचंच कातडं काढून भरायचं होतं. ते वासरू तरी बिचारं निवांत पुरलं गेलं असतं.”

दोन दिवस झाले, आणखी दोन झाले, वासरू आलं नाही. बापाचं टक्कल रोज दोन वेळा चाटलं जात होतं. आधी लाल झालं, मग सोललं, मग त्यावर पिवळं पाणी धरलं आणि माशा बसायला लागल्या. त्याला आता गाईची जीभ नुसती दिसली तरी मान आखडायची. मान आखडली की गाईला संशय यायचा. दूध रोज घसरत चाललं. कासेच्या एका बाजूला गाठ लागली, तिथं हात लावला की तांबडी कण्हायची. आईला कळत होतं, असं आणखी काही दिवस गेले की गाय आटली, आणि आटली की काडीवाला आत आला.

सकाळी पोतं आणि दोरी घेऊन ती शहराच्या वाटेला लागली.

प्रदर्शनाचा हॉल थंडगार होता. बाहेर उन्हात माणसं भाजत होती आणि इथे चित्रांना गारवा. भिंतीवर पोरापोरींची कला ओळीनं टांगली होती. पहिल्याच भिंतीवर पृथ्वी रडत होती. तिच्या शेजारी दुसरी पृथ्वी रडत होती. पुढे बघावं तिथे पृथ्वी, आणि प्रत्येकीच्या गालावर एकच थेंब, मोजूनमापून दिल्यासारखा. मग हातात मेणबत्ती धरलेल्या मुली. मग हंस. इतके हंस, की आपल्या गाईनं खाल्लेलं चित्र कुणीतरी सोडवून आणून भिंतभर लावलंय असं आईला वाटलं.

मात्र या कशापुढेही माणूस नव्हता. सगळी गर्दी आतल्या कोपऱ्यात, आणि सगळ्यांचे रुमाल नाकाला.

वासरू पांढऱ्याशुभ्र खोक्यावर उभं होतं. वर मोठा दिवा, भट्टीसारखा तापलेला. त्याच्या उष्णतेनं ओलं कातडं सुटलं होतं. पोटाच्या शिवणीतून चिकट काहीतरी ओघळून खोक्यावर वाळलं होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. चारी बाजूंनी मखमली दोर लावला होता. खाली पाटी होती, तिच्यावर लेकीचं वय, शाळा आणि वर मोठ्या अक्षरांत नाव: पोकळी.

पोट पेंढ्यानं गच्च भरलेलं होतं, तरी पोकळी.

आईनं दोर ओलांडला. शिपाई धावत आला.

“ओ बाई, हात लावायचा नाही. कलाकृती आहे.”

“मला सांगतोस? याची हगवण मी या हातानं पुसलीय.”

“पुसली असेल. आता हात लावायचा नाही.” मग जरा जवळ येऊन हळूच म्हणाला, “तुमचंच का हे? मग घेऊन जा ना खरंच. रोज सकाळी मी अळ्या झाडतो. परवा मॅडम म्हणाल्या, झाडू नकोस, त्यापण त्यातच येतात. डबा उघडवत नाही मला इथं.”

तेवढ्यात मॅडम आल्याच. संचालिका. गळ्यात लाकडाचे मोठाले मणी, हातात अत्तराचा रुमाल. बरोबर ड्रॉइंगचे सर, त्यांच्या मागे लेक. लेकीला सरांनी सकाळीच ‘बोलायचा सराव करू’ म्हणून आणलं होतं. आईला बघून ती सरांच्या आड झाली.

“तुम्ही आई?” मॅडमनी विचारलं.

“कुणाची? हिची का गाईची?”

“वा,” मॅडम सरांकडे वळून म्हणाल्या. “लिहून घ्या.”

“मॅडम, हे मला घरी न्यायचंय. याच्यावाचून गाय दूध देत नाही. कास सुजलीय तिची.”

“बघा! बघा किती थेट आहे ते! परीक्षकांचंही हेच म्हणणं पडलं.”

“काय म्हणणं पडलं?”

“की हे अस्वस्थ करतं. हा वास...” मॅडमनी रुमाल क्षणभर बाजूला केला, त्यांचा चेहरा पांढरा झाला, रुमाल परत लावला. “हा वास आपल्याला सोडत नाही.”

“सोडेल कसा? कुजतंय ते. वर दिवा लावलाय तुम्ही.”

“कुजणं,” मॅडम म्हणाल्या आणि डोळे मिटले.

सरांनी आईला बाजूला घेतलं. “ताई, असं करू नका. पहिलं बक्षीस जाहीर झालंय तिला. आपल्या शाळेला आजवर उत्तेजनार्थसुद्धा मिळालेलं नाही. परवा समारंभ. त्यानंतर हे राजधानीत जाणार, मोठ्या प्रदर्शनाला.”

“कधी परत येणार?”

“पावसाळ्यानंतर बघू.”

“पावसाळ्यानंतर गाय कुठंय आमची?” आईनं लेकीकडे बघितलं. “तू सांग ना यांना. तोंड शिवलंय का?”

लेक सरांच्या आडूनच म्हणाली, “आई, यंत्रयुगात हरवलेल्या मातृत्वाचं...”

“काय?”

“तसं म्हणायचं असतं.” तिचे कान लाल झाले. “फक्त परवापर्यंत, आई.”

आईनं पोतं जमिनीवर आपटलं.

“मग गाय आणून बांधू का इथंच? या गालिच्यावर?”

मॅडमनी डोळे उघडले आणि दोन्ही हातांनी आईचा दंड धरला.

“आणाल?”

समारंभाच्या दिवशी दिवस उजाडताच तांबडीला सोडली. पुढे आई, मागे डोक्याला ओलं फडकं गुंडाळलेला बाप. आईच्या मनाशी सगळं पक्कं होतं. एकदा कास पूर्ण रिकामी करायची म्हणजे गाठ सुटेल. आणि गाय बाहेर निघेल ती वासराला घेऊनच निघेल, अडवायचं त्यानं अडवावं. गाईच्या पोटात आदल्या दिवसापासून काही नव्हतं. गव्हाण चाटून झाली होती. वाटेत तिनं एका भिंतीवरचं पोस्टर सोलून खाल्लं, त्यावर समारंभाचाच कार्यक्रम छापलेला होता. दलालही बरोबर निघाला.

“तुम्ही कशाला?” आईनं विचारलं.

“गंमत बघायला. आणि गाय माझ्या ओळखीची आहे ना, वहिनी.”

हॉलच्या दारात गाईनं पाय रोवले. शिपायानं मागून ढकललं, तर तिनं त्याच्या बुटावर शेण टाकलं. शेण गालिच्यावर गेलं. चार जणांनी मोबाइल काढून त्याचे फोटो घेतले. दाढीवाले एक परीक्षक वाकून बघत होते, म्हणाले, “सहज आहे. अगदी सहज.”

वासराचा वास आता असा झाला होता की पहिल्या रांगेतल्या बायका डोळ्यांतलं पाणी टिपत होत्या आणि बाजूच्यांना वाटत होतं की त्या हेलावल्यात. पण तांबडीला तो वास लागला मात्र, तिचे कान उभे राहिले. मखमली दोर तोडून, आईला ओढत, ती थेट खोक्यापाशी गेली. निळं बटण चाटलं, पांढरं बटण चाटलं, मान चाटली आणि असं हंबरली की माइकमधून शिट्टी वाजली. आई खाली बसली, बादली गुडघ्यात धरली, सडाला हात घातला.

आलं. पहिल्यांदा घट्ट, पिवळट, मग सरळ पांढरी धार. इतक्या दिवसांचं साठलेलं. आईनं कपाळ गाईच्या कुशीला टेकवलं. तिला टाळ्या ऐकू आल्या, पण तिकडे तिचं लक्ष नव्हतं. गाठ बोटाखाली मऊ पडत होती.

बाप दाढीवाल्यांना फडकं सोडून टक्कल दाखवत होता. “हे बघा. हेसुद्धा मीच. आणि ते आतलं भरणं आहे ना, तेपण माझं. दाबून बघा हवं तर.”

दाढीवाल्यांनी दाबून बघितलं नाही.

मग लेकीला बोलायला बोलावलं. नवा फ्रॉक, केसांना तेल. सर समोर बसून ओठ हलवत होते, प्रत्येक शब्द तिच्या आधी म्हणत होते.

“माझ्या कलाकृतीचं नाव पोकळी,” लेक म्हणाली. “यंत्रयुगात... यंत्रयुगात हरवलेलं...” तिची नजर वासरावर गेली. तांबडी एकाच जागी चाटत होती, पोटाशी, जिथे मीठ जास्त मुरलं होतं. जिभेखाली सुतळीचा एक टाका तुटला. मग दुसरा.

“आई,” लेक माइकमध्येच म्हणाली, “टाके उसवतायत.”

“मग बघत काय बसलीस? धर!”

लेकीनं माइक सरांच्या मांडीत टाकला आणि खाली उडी मारली. खोक्याला छाती लावून दोन्ही हातांनी वासराचं पोट आवळून धरलं. चिकट पाणी कोपरापर्यंत ओघळलं, अळ्या नव्या फ्रॉकवर पडल्या. गाईची जीभ तिच्या मनगटांवरून फिरत होती, कातडं सोलत होती. तिनं हात सोडले नाहीत.

“अजून किती?”

“दोन सड राहिलेत. नीट धर.”

“धरलंय. लवकर आटप ना गं, मला ओकारी येतेय.”

“ये म्हणावं. हात सोडू नकोस.”

कॅमेरे नुसते कडकडत होते. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते वासाचं नव्हतं. नेमके त्याच वेळी प्रमुख पाहुणे आले. उशीर झाल्यामुळे घाईत होते, पायाखाली न बघता शेणातून सरळ चालत आले. त्यांच्या हातात बक्षीस दिलं गेलं. मोठी काचेची चौकट होती, दारासारखी, आत सोनेरी अक्षरं.

“कुठंय मुलगी?”

“ही, साहेब. जरा खाली आहे.”

“ये बाळ, ये. मला पुढच्या कार्यक्रमाला जायचंय.”

“थांबा जरा!” आई गाईखालून ओरडली. “हात मोकळे नाहीत तिचे!”

लोक हसले. सगळ्यांना वाटलं हेही ठरलेलंच.

लेकीनं एक हात पुढे केला, दुसऱ्यानं पोट धरून ठेवलं.

“अहं, दोन्ही हातांनी, बाळ,” फोटोवाला म्हणाला. “जड आहे ते. पडेल.”

लेकीनं आईकडे बघितलं. आईनं नुसती मान हलवली, नको म्हणून. तेवढ्यात सरांनी मागून लेकीच्या दोन्ही कोपरांना धरलं आणि तिला अलगद उभं केलं.

तिनं दोन्ही हातांनी बक्षीस घेतलं.

वासराचं पोट तळापासून उघडलं. आतला पेंढा खोक्यावर आला. तो अजून पिवळा होता, चांगल्यातला. तांबडीनं चाटणं थांबवलं. हुंगलं. मग पोटात तोंड घातलं आणि पेंढा खायला लागली.

आईच्या हातात सड कोरडे झाले. तिनं ओढले, चोळले, कासेला खालून डोक्यानं हिसके दिले. गाईला आता वासराशी काही देणंघेणं राहिलं नव्हतं.

“बघा, भरलाय कसा,” बाप म्हणाला. “खाऊन संपत नाही.”

मागच्या रांगेतून दलाल उठला, तोंडातली काडी खिशात ठेवली, पुढे आला आणि गाईची सुटलेली दोरी हातात घेतली.

लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. गाय बिचकली, तिनं लाथ मारली आणि बादली उलटली.